कितीपैकी किती?

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक दमून, उशिरा झोपले होते. पहाटे चारच्या सुमारास लातूर-उस्मानाबादच्या सीमेवर जमीन हादरली आणि किल्लारी, सास्तूर आणि आसपासची कितीतरी गावं भुईसपाट झाली. भूकंप ६.२ रिश्टरच्या आसपासचा होता. माणसं गेली जवळपास दहा हजार.

त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ ला, अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिज भागात भूकंप झाला. तोही पहाटेच, साडेचारला. म्हणजे तिथेही माणसं अंथरुणातच होती. हा ६.७ रिश्टरचा, म्हणजे त्यात किल्लारीच्या पाचपटीहून जास्त ऊर्जा होती, आणि खाली लाखोंची वस्ती. रस्त्यांचे पूल कोसळले, इमारतींचे मजले खाली बसले. मृत्यू साठ-सत्तरच्या घरात.

किल्लारीत मारलं ते भिंतींनी आणि छतांनी. दगड-मातीच्या हातभर जाड भिंती, वर लाकडावर मातीचा जाड थर टाकलेलं माळवद, आणि पावसाळ्याआधी त्यावर पुन्हा माती. उन्हाळ्यात हे घर थंड राहतं, बांधायला गावातलंच सामान पुरतं, त्यामुळे ते बांधणाऱ्याला दोष देण्यात अर्थ नाही. शिवाय तेव्हाच्या भूकंपाच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. कॅलिफोर्नियातलं लाकडी चौकटीचं घर हादऱ्यात वाकतं, कुरकुरतं, पण बहुधा अंगावर येत नाही. आणि तिथे आधीच्या भूकंपांनंतर बांधकामाचे नियम कडक होत गेले होते.

म्हणून ‘भूकंपाचा मृत्युदर’ असं म्हटलं की मला ते अर्धवट वाटतं. दर भूकंपाचा नसतो. तो त्या गावाचा, त्या घरांचा, त्या वर्षाचा असतो. साथींचंही तसंच आहे, फक्त तिथे हिशेब जास्त चकवा देतो.

अंश आणि छेद

मृत्युदर म्हणजे शाळेतला साधा अपूर्णांक. वर अंश, म्हणजे किती मेले. खाली छेद, म्हणजे कितीपैकी. बातमीत बहुतेक वेळा नुसता अंश येतो. छेद आला तरी तो कोणता, हे कुणी सांगत नाही.

साथीच्या आजारात छेद तीन असू शकतात. पहिला, सगळी लोकसंख्या: दर हजारी किंवा दर लाखामागे किती मेले. दुसरा, रुग्ण म्हणून नोंद झालेले लोक. तिसरा, ज्यांना ज्यांना लागण झाली ते सगळे. यात दोन दिवस अंग दुखून आपोआप बरे झालेले, डॉक्टरकडे न गेलेले आणि लागण झाली हे कधी न कळलेलेही आले. हा तिसरा छेद शोधायला रक्त तपासून सर्वेक्षणं करावी लागतात, म्हणून तो सर्वांत उशिरा हाती येतो.

रेबीजचं बघा. एकदा लक्षणं दिसू लागली की रुग्ण वाचत नाही, असंच जवळजवळ म्हणावं लागतं. म्हणजे दुसऱ्या छेदाने दर शंभर टक्के. तरी जगात वर्षाला रेबीजने साधारण ५९ हजार माणसं मरतात. उलट १९१८ च्या फ्लूमध्ये लागण झालेल्यांपैकी बहुसंख्य लोक बरे झाले. पण जगातल्या साधारण तिसऱ्या हिश्श्याला तो झाला, आणि मृत्यूंचे अंदाज पावणेदोन कोटींपासून पाच कोटींपर्यंत, काहींच्या मते त्याहूनही वर जातात. आपण घाबरतो टक्क्याला, पण साथ किती पसरते याला जास्त घाबरायला हवं.

साथ चालू असताना काढलेला टक्का तर दोन्ही बाजूंनी फसवतो. २००३ मध्ये सार्स आला तेव्हा सुरुवातीला दर चार टक्क्यांच्या आसपास दिसत होता. कारण छेदात असे शेकडो रुग्ण होते जे अजून दवाखान्यात होते. त्यांचं काय होणार ते ठरायचं होतं. साथ संपल्यावर ८,०९६ रुग्ण आणि ७७४ मृत्यू, म्हणजे साडेनऊ टक्के. कोविडमध्ये उलटं झालं. मार्च २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नोंद झालेल्या रुग्णांपैकी ३.४ टक्के मृत्यू झाल्याचं सांगितलं, आणि अनेकांनी तो आकडा ‘कोविड झाला तर मरण्याची शक्यता’ म्हणून वाचला. तेव्हा चाचणी मुख्यतः गंभीर आजाऱ्यांचीच होत होती. सौम्य रुग्ण छेदात आलेच नव्हते. पुढे लागण झालेल्या सगळ्यांचा हिशेब लागला तेव्हा दर बराच खाली आला, आणि तोही वयानुसार इतका बदलतो की एकच आकडा सांगणं बरोबर नाही.

मुंबई, १९१८

एकच शहर, एकच विषाणू, तेच महिने. तरी दर किती वेगळे असू शकतात याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही.

फ्लू मुंबईत बंदरातून शिरला, जून १९१८ मध्ये. ती पहिली लाट सौम्य होती. दुसरी लाट सप्टेंबरात आली आणि ऑक्टोबरच्या सुरुवातीला शहरात एका दिवसात सातशेहून जास्त मृत्यू नोंदले गेले. त्या वर्षी पावसाने दगा दिला होता, धान्य महागलं होतं, खेड्यांतून लोक मुंबईकडे येत होते.

तेव्हाच्या आरोग्य खात्याने मृत्यूंची नोंद समाजवार ठेवली होती. दर हजारी मृत्यू असे: युरोपीय ८.३, पारशी ९, मुसलमान आणि बहुसंख्य हिंदू साधारण १९, आणि ज्यांना त्या कागदावर ‘खालच्या जातीचे हिंदू’ म्हटलं आहे त्यांच्यात ६१.६. म्हणजे मलबार हिलवरच्या साहेबापेक्षा सातपटीहून जास्त.

विषाणूला जात कळत नव्हती. पण एका खोलीत किती माणसं झोपतात, आजारी पडल्यावर दोन दिवस काम सोडून पडून राहता येतं का, पाणी आणून द्यायला घरात कुणी उभं आहे का, हे सगळं त्या ६१.६ मध्ये आहे. त्या काळी फ्लूवर औषध नव्हतंच. साहेबाला आणि गिरणीकामगाराला दोघांनाही डॉक्टर बरं करू शकत नव्हता. तरीही इतका फरक पडला, याचा अर्थ फरक औषधाचा नव्हता.

संपूर्ण मुंबईची सरासरी काढली असती तर हे काही दिसलं नसतं. देशभरात त्या साथीने एक कोटी वीस लाख ते एक कोटी ऐंशी लाख माणसं नेली असे अंदाज आहेत. १९२१ ची जनगणना ही भारताची लोकसंख्या आधीच्या जनगणनेपेक्षा कमी भरलेली एकमेव जनगणना आहे.

मीठ, साखर, पाणी

कॉलरा हा आजार मृत्युदराबद्दलची सगळी खात्री डळमळीत करतो. उपचार न मिळाल्यास गंभीर कॉलऱ्यात निम्मे रुग्ण दगावू शकतात. वेळेवर पाणी-क्षार दिले तर शंभरात एकही नाही. जंतू तोच.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. दवाखान्यात जमिनीवर सगळीकडे रुग्ण, आणि शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलेलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा ठरलेल्या मापात मिसळून त्याची पाकिटं बनवून घेतली आणि पाण्यात कालवून रुग्णांना पाजायला लावलं. पाजायचं काम नातेवाइकांनीच केलं, नर्स लागली नाही. पिंपाला नळ लावलेला, येईल त्याने भरून घ्यायचं. छावणीतला मृत्युदर तीस टक्क्यांच्या आसपास होता, तो चारच्याही खाली आला. आज औषधाच्या दुकानात मिळतं ते ओआरएस हे याचंच सुधारलेलं रूप. रुग्णालयांतल्या चाचण्यांत ही कल्पना आधीच तपासली गेली होती, पण अडाणी माणसं घरच्या घरी हे नीट देऊ शकतील यावर बऱ्याच डॉक्टरांचा विश्वास नव्हता. बनगावने तो प्रश्न मिटवला.

आपत्तीनंतर साथ येते ती कशी, हेही इथे सांगायला हवं, कारण याबाबत एक गैरसमज फार पक्का आहे. भूकंप-पुरात मेलेल्यांचे देह पडून राहिले की रोगराई पसरते, असं मानून प्रेतं घाईघाईने सामुदायिक खड्ड्यांत पुरली जातात. अपघाताने मेलेल्या माणसाच्या देहातून सहसा साथ पसरत नाही. ती माणसं आजारी नसतातच. साथ पसरते ती जिवंत माणसांच्या गर्दीतून आणि घाण झालेल्या पाण्यातून. घाईने पुरण्याचा परिणाम एवढाच होतो की घरच्यांना ओळख पटत नाही, दाखला मिळत नाही, आणि दाखला नाही म्हणून भरपाई नाही. हैतीमध्ये जानेवारी २०१० मध्ये प्रचंड भूकंप झाला. कॉलरा आला ऑक्टोबरात, आणि तो प्रेतांमुळे नव्हे, तर संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या छावणीतलं सांडपाणी नदीत गेल्यामुळे. पुढच्या काही वर्षांत त्याने जवळपास दहा हजार माणसं मेली.

बंगालचा उपसागर

चक्रीवादळांच्या बाबतीत दर खाली आणता येतो, आणि किती खाली, ते बांगलादेशने दाखवलं आहे. नोव्हेंबर १९७० च्या भोला चक्रीवादळात तीन ते पाच लाख माणसं मेली. एप्रिल १९९१ च्या वादळात साधारण १ लाख ४० हजार. नोव्हेंबर २००७ च्या ‘सिडर’मध्ये साडेतीन हजारांच्या आत. सिडर काही लेचंपेचं वादळ नव्हतं, आणि या काळात देशाची लोकसंख्या दुपटीहून वाढली होती. म्हणजे दर लाखामागे काढलं तर घट नुसत्या आकड्यांपेक्षाही मोठी.

हे उपग्रहामुळे झालं असं आपण पटकन म्हणतो. उपग्रहाने फक्त वादळ कुठे आहे ते कळतं. १९७० मध्येही वादळ येतंय हे कळलं होतं. ते भोला भागातल्या चरांवर, म्हणजे गाळाने बनलेल्या सखल बेटांवर, राहणाऱ्या माणसापर्यंत पोचलं नाही, आणि पोचलं असतं तरी त्याला जायला जागा नव्हती. १९७२ पासून तिथे सरकार आणि रेड क्रेसेंटने मिळून स्वयंसेवकांची फळी उभी केली. हे गावातलेच लोक, हातात भोंगा, सायकल, धोक्याचे झेंडे. पुढे खांबांवर उभे काँक्रीटचे निवारे बांधले, तळमजला मोकळा ठेवून, म्हणजे समुद्राची लाट खालून निघून जाईल. एरवी त्यातच शाळा भरते.

१९९१ मध्येही इशारा दिला गेला होता, तरी लाखभर माणसं मेली, आणि त्यात बायकांचा दर पुरुषांच्या कितीतरी पट होता. नवरा घरी नसताना घर सोडायचं कसं, निवाऱ्यात परक्या पुरुषांच्या गर्दीत रात्र काढायची कशी, मुलं आणि साडी सांभाळत पाण्यातून पळायचं कसं. आणि गाय-बैल मागे ठेवून जायला तर पुरुषही तयार नसायचे. नंतरच्या निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळी खोली आणि संडास, कुठे कुठे गुरांसाठी जागा, आणि फळीत बाई-स्वयंसेवक वाढवल्या. मृत्युदर कमी होण्यात संडास कुठे बांधला याचाही वाटा असतो, हे आपत्तीच्या तज्ज्ञांना बरंच उशिरा कळलं.

सिडरनंतर सहाच महिन्यांनी, मे २००८ मध्ये, याच उपसागरातलं ‘नर्गिस’ म्यानमारच्या इरावती खोऱ्यात शिरलं. मृत आणि बेपत्ता मिळून १ लाख ३८ हजार. तिथे ना निवारे होते, ना भोंगेवाले, आणि लष्करी सरकारने बाहेरची मदतही सुरुवातीला रोखून धरली. आपल्या ओडिशात १९९९ च्या महाचक्रीवादळात दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. २०१३ ला ‘फायलिन’ आलं तेव्हा आधीच नऊ-दहा लाख लोकांना हलवलं होतं, मृत्यू पन्नासच्या आसपास राहिले.

शंभर वर्षांपूर्वी, १९२०-३० च्या दशकांत, नैसर्गिक आपत्तींत जगभर वर्षाला सरासरी काही लाख माणसं मरत असल्याची नोंद आहे. हल्ली ही सरासरी चाळीस-पन्नास हजारांवर आली आहे, लोकसंख्या चौपट होऊनही. यात सगळ्यांत मोठी घट दुष्काळाची आहे, आणि तिथे ‘नैसर्गिक’ हा शब्द जपूनच वापरावा. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळात वीस-तीस लाख माणसं मेली, पण त्या वर्षी अन्न नव्हतं म्हणून नव्हे; युद्ध, भाववाढ आणि सरकारी धोरणांमुळे ते लोकांच्या हाती पडलं नाही म्हणून. बहात्तरच्या दुष्काळात महाराष्ट्रात पीक तर पार गेलं होतं. आमच्याकडच्या म्हाताऱ्या माणसांकडून खडी फोडल्याच्या, पाझर तलावाच्या कामाच्या, सुकडीच्या आणि लाल मिलोच्या (बाहेरून आलेल्या ज्वारीच्या) भाकरीच्या आठवणी ऐकायला मिळतात. सरकारने काढलेल्या त्या दुष्काळी कामांवर एका टप्प्याला पन्नास लाखांच्या आसपास माणसं होती. मृत्यू वाढलेच नाहीत असं नाही, काही अभ्यासकांनी वाढ दाखवून दिली आहे. पण जुन्या दुष्काळांसारखी गावंच्या गावं ओस पडली नाहीत. पाऊस तर जुन्या दुष्काळांइतकाच वाईट होता.

अंशात कोण आलं?

छेदाबद्दल एवढं बोललो, पण अंशही सरळ नसतो. सप्टेंबर २०१७ मध्ये ‘मारिया’ चक्रीवादळ कॅरिबियन समुद्रातल्या, अमेरिकेच्या ताब्यातल्या प्वेर्तो रिको बेटावर आदळलं. सरकारी आकडा ६४. वर्षभराने विद्यापीठाकडून नीट अभ्यास करून घेतला आणि सरकारी आकडा बदलला: २,९७५. ज्यांच्या मृत्यूचं कारण वादळ म्हणून नोंदलं गेलं ते ६४ होते. बाकीचे बहुतेक नंतर गेले. कित्येक महिने वीज नव्हती, डायलिसिस बंद, ऑक्सिजनची यंत्रं बंद, इन्सुलिन ठेवायला फ्रिज नाही, रस्ते वाहून गेलेले. त्यांच्या दाखल्यावर वादळ लिहिलेलं नव्हतं.

म्हणून हल्ली ‘जादा मृत्यू’ मोजतात. नेहमीच्या वर्षी त्या महिन्यात जितके लोक मरतात, त्याहून किती जास्त मेले ते बघायचं; कारण काय लिहिलंय याकडे लक्ष द्यायचं नाही. उष्णतेच्या लाटेत तर दुसरा इलाजच नाही, कारण उन्हाने मेलेल्या म्हाताऱ्याच्या दाखल्यावर बहुधा हृदयविकार असतो. मे २०१० मध्ये अहमदाबादेत पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १,३४४ मृत्यू जास्त झाल्याचं नंतरच्या अभ्यासातून कळलं, आणि त्यातूनच २०१३ मध्ये शहराने उष्णतेविरुद्धची कृती योजना आखली. २००३ च्या उन्हाळ्यात युरोपात अशा जादा मृत्यूंचा आकडा सत्तर हजारांवर गेला होता.

कोविडचा वाद याच हिशेबाचा आहे. २०२० आणि २०२१ मिळून जगात कोविडचे नोंदलेले मृत्यू ५४ लाख. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जादा मृत्यू १ कोटी ४९ लाख. भारताचा अधिकृत आकडा तेव्हा ४ लाख ८१ हजार, संघटनेचा अंदाज ४७ लाख. केंद्र सरकारने या पद्धतीवर जोरदार आक्षेप घेतला. अंदाज हा अंदाजच, तो मॉडेलवर बेतलेला असतो, हे खरंच. पण नंतर आलेल्या आपल्याच नागरी नोंदणीच्या आकड्यांत २०२० मध्ये ८१ लाख मृत्यू आहेत आणि २०२१ मध्ये १ कोटी २ लाख. एका वर्षात एकवीस लाखांची वाढ. यातली काही वाढ नोंदणी सुधारल्यामुळे असेल, सगळी तशी आहे हे मला पटत नाही. देशात नोंदलेल्या मृत्यूंपैकी चौथ्या हिश्श्याहूनही कमी मृत्यूंचं कारण डॉक्टरने लिहून दिलेलं असतं. त्या परिस्थितीत अंश अचूक असल्याचा दावा कुणीच करू नये.

सरासरी काय सांगते?

आपत्तींची वार्षिक सरासरी म्हणजे नऊ डावांत एकेरी धावसंख्या आणि दहाव्यात त्रिशतक ठोकणाऱ्या फलंदाजाची सरासरी. एखादं वर्ष दहा-पंधरा हजारांवर निभावतं. मग डिसेंबर २००४ ची त्सुनामी येते, काही तासांत चौदा देशांत मिळून सव्वादोन लाखांहून जास्त. मग २०१० चं हैती. पाच-सात शांत वर्षं बघून ‘आपत्ती कमी झाल्या’ म्हणणं आणि एका भयंकर वर्षानंतर ‘निसर्ग कोपला’ म्हणणं, दोन्ही सारखंच उथळ.

जगात वर्षाला साधारण सहा कोटी माणसं मरतात. त्यात नैसर्गिक आपत्तींचा वाटा एरवी हजारात एकाच्या आसपास किंवा त्याहून कमी. क्षयरोगाने एकट्या २०२३ मध्ये साडेबारा लाख माणसं गेली. आणि भारतात साप चावून मरणारी माणसं वर्षाला सरासरी ५८ हजार आहेत, म्हणजे जगभरच्या पूर-भूकंप-वादळांच्या सरासरीपेक्षा जास्त. सापाने एका वेळी एकच माणूस मरतो, त्यामुळे टीव्हीवाले येत नाहीत.

विजेचंही हेच. राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या हिशेबात २०२२ मध्ये भारतात नैसर्गिक आपत्तींनी ८,०६० मृत्यू झाले, त्यातले २,८८७ वीज पडून. पूर, दरड, थंडी, ऊन यांतल्या कुठल्याही एका कारणापेक्षा जास्त. आता जगातल्या आपत्तींची जी यादी सर्वांत जास्त वापरली जाते, ती बेल्जियममधल्या लूव्हँ विद्यापीठात ठेवली जाते. तिच्यात घटना नोंदवायची तर किमान दहा मृत्यू, किंवा शंभर बाधित, किंवा आणीबाणी जाहीर, किंवा परदेशी मदतीची मागणी, यातलं काहीतरी लागतं. मराठवाड्यात मृगाच्या पेरणीला गेलेली दोन माणसं लिंबाखाली थांबली आणि वीज पडली, तर ती घटना या यादीत बसत नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने विजेची पूर्वसूचना देणारं ‘दामिनी’ अ‍ॅप काढलं आहे, ते मोबाइलवर फुकट मिळतं. झाडाखाली थांबू नका, असंही ते सांगतं. शेतात आडोसा म्हणून बहुतेकदा ते झाडच असतं.